मीरा कुठे गेली? (तिमिंगलातला तांबडा तारा, इंदूरच्या गच्चीवरून)

पोहे_जीरावन | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही सुदामा नगरात राहतो. लेकीला शाळेत आकाशदर्शनाचा प्रकल्प आहे, म्हणून रोज जेवणं झाली की गच्चीवर जातो. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध सगळं जमलं. आता ती तिमिंगल तारकासमूहावर आली आहे. मोबाईलच्या अॅपमध्ये त्यातल्या मेन्कार ताऱ्यापासून नैऋत्येला मीरा नावाचा चांगला ठसठशीत तारा दाखवतात. आकाशात त्या जागी काहीही नाही. मेन्कार दिसतो, त्याच्या जवळचा गॅमा नावाचा तारा दिसतो, डेल्टा नावाचासुद्धा डोळे ताणून दिसतो. आणि अॅपच्या मते ह्या डेल्टाहून ठळक असलेला तारा गायब!

लेक म्हणते तारा फुटला. मला शेजारच्या मंगल कार्यालयाच्या हॅलोजनचा संशय आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (हॅलोजनचा नको, तो भरपूर आहे.)

---

निशाचर | १२ डिसेंबर, रात्री ११:१५

तारा जागेवरच आहे, हॅलोजनही निर्दोष आहे. दोष अॅपचा. बहुतेक अॅप प्रत्येक ताऱ्याला एकच ठरीव प्रत (तेजाचा आकडा) चिकटवतात आणि वर्षभर तेवढाच ठिपका काढतात. मीरा रूपविकारी तारा आहे, म्हणजे त्याची तेजस्विता बदलते. आणि थोडीथोडकी नाही: शिखरावर असताना साधारण २ ते ४ च्या दरम्यान प्रत, तळाला ९ च्या आसपास. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक हे लेकीला माहीत असेलच. साध्या डोळ्यांची मर्यादा गडद अंधारात ६. सुदामा नगरात ४ दिसली तरी पेढे वाटा.

३ वरून ९ वर जाणं म्हणजे तेजात सुमारे २५० पटींचा फरक. हे सगळं चक्र साधारण ३३२ दिवसांचं. चढण भरभर, चारेक महिन्यांत. उतार रेंगाळत, सात महिने.

सध्या तो चढतोय. अजून दीड-दोन महिन्यांनी शिखर असेल. आत्ता बायनॉक्युलर लावलात तर मिळेल.

---

शेंगदाणा_चिक्की | १२ डिसेंबर, रात्री ११:३२

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते.

---

रामबागकर_काकू | १३ डिसेंबर, सकाळी ७:०५

पोहे, तुमच्या लेकीला माझी शाबासकी सांगा. "इथे तारा असायला हवा होता आणि नाही" असं म्हणायला आकाश आधी पाठ असावं लागतं. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाचं नेमकं हेच झालं होतं.

डेव्हिड फॅब्रिशियस, उत्तर जर्मनीतला एक पाद्री. ऑगस्ट १५९६ मध्ये तो एका ग्रहाची जागा मोजत होता आणि मोजमापासाठी जवळचा एक तिसऱ्या प्रतीचा तारा त्यानं धरला. तो तारा कुठल्याच यादीत नव्हता. ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तो आणखी उजळला, मग मंदावला, ऑक्टोबरात दिसेनासा झाला. १५७२ मध्ये टायको ब्राहे या ज्योतिर्विदानं पाहिलेला नवा तारा सगळ्यांच्या ताज्या आठवणीत होता, तेव्हा फॅब्रिशियसनंही हा त्यातलाच एक असं धरून सोडून दिलं. मग १६०९ च्या फेब्रुवारीत बघतो तर स्वारी पुन्हा हजर! मेलेला तारा परत येत नाही. पण हे प्रकरण तडीला नेलं हॉलंडच्या होलवार्डानं, १६३८ मध्ये. तारा साधारण अकरा महिन्यांनी परत येतो हे त्यानं ताडलं. १६६२ मध्ये हेवेलियसनं त्याच्यावर पुस्तिका लिहिली आणि मीरा, म्हणजे लॅटिनमध्ये अद्भुत, हे नाव कायमचं चिकटलं. १६६७ मध्ये बुलियो या फ्रेंच ज्योतिर्विदानं काढलेला काळ ३३३ दिवसांचा. दुर्बिणी बाल्यावस्थेत, फोटोग्राफीचा पत्ता नाही, तरी आजच्या आकड्याशी एका दिवसाचा फरक.

आकाश अविकारी असतं ही अॅरिस्टॉटलची शिकवण तोवर डळमळली होतीच, पण टायकोचा किंवा १६०४ चा केप्लरचा तारा एकदाच येऊन गेला. मीरा नेमानं येजा करत राहिला, त्यामुळे डोळेझाक करायची सोय उरली नाही.

जाता जाता: फॅब्रिशियसचा शेवट वाईट झाला. १६१७ मध्ये त्यानं म्हणे चर्चमधल्या प्रवचनात एकाला बदकचोर ठरवलं आणि त्या माणसानं फावडं डोक्यात घातलं. आकाशातल्या चोरीचा छडा लागला नाही, गावातल्या चोरीचा लावायला गेला आणि जिवाला मुकला.

---

तर्कट | १३ डिसेंबर, सकाळी ९:२०

इतिहास छान आहे काकू, पण आज याचा उपयोग काय? अवकाशात दुर्बिणी आहेत, रोबो रात्रभर आकाश छापतात. सुदामा नगरच्या गच्चीवरून डोळे किलकिले करून "४ वाटतोय बुवा" म्हणण्यानं विज्ञानात काय भर पडणार? मला हे नॉस्टॅल्जिया वाटतं. हलके घ्या.

---

निशाचर | १३ डिसेंबर, सकाळी ९:५८

हलकं घेतलं, उत्तर मात्र जड देतो.

एक: मोठ्या सर्वेक्षण दुर्बिणी अंधुक वस्तूंसाठी बांधलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा तारा त्यांच्या कॅमेऱ्यात संपृक्त होऊन नुसता पांढरा डाग उरतो. ठळक रूपविकाऱ्यांच्या बाबतीत हौशी माणसाचा डोळा आजही बेकार नाही.

दोन: सलगता. अमेरिकेतली रूपविकारी तारे पाहणाऱ्यांची संघटना, आव्सो, १९११ पासून जगभरच्या हौशींच्या नोंदी गोळा करते. मीराचं प्रत्येक शिखर वेगळं असतं. एखाद्या वर्षी ४ च्या पुढे सरकतच नाही, आणि १७७९ मध्ये हर्शेलनं तो जवळपास रोहिणीच्या तोडीचा पाहिला. असल्या लहरी गड्याला समजून घ्यायचं तर शतकभराची वही लागते, आणि ती रोबोंकडे नाही.

तीन, आणि हे खास तर्कटरावांसाठी: राधागोबिंद चंद्र. जेसोरचे, म्हणजे आता बांगलादेश. मॅट्रिक तीनदा नापास. सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहातला नवतारा (अचानक उजळलेला तारा) त्यांना दिसला, त्यातून आव्सोशी पत्रव्यवहार जमला, आणि पुढे त्या लोकांनी सव्वासहा इंची दुर्बीण बोटीनं त्यांच्याकडे पाठवली. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७,००० च्या वर नोंदी केल्या. पदवी नाही, वेधशाळा नाही. त्या नोंदी आजही माहितीसाठ्यात आहेत.

---

तर्कट | १३ डिसेंबर, सकाळी १०:११

चंद्रबाबूंना साष्टांग. पहिला मुद्दा मान्य. बाकीचं बघू.

---

लष्करवाला | १३ डिसेंबर, दुपारी १:३०

ग्वाल्हेरहून हजेरी. आमच्याकडे सध्या इतकं धुकं आहे की समोरच्या वाड्याची गच्ची दिसत नाही, तिमिंगल कुठला दिसायला! म्हणून थिअरीवरच भागवतो. हा गडी असा वरखाली का होतो? ग्रहण लागल्यासारखं दुसरा तारा पुढे येतो का?

---

अनु_बडोदे | १३ डिसेंबर, दुपारी ४:१५

नाही, ग्रहणं लावणारे तारे वेगळे, ययातीतला अल्गोल त्यातला प्रसिद्ध. मीरा स्वतः फुगतो आणि आकसतो.

हा म्हातारा तारा आहे. वस्तुमान सूर्याच्या आसपासच, पण गाभ्यातलं हायड्रोजन आणि हीलियम दोन्ही जळून संपलेलं, त्यामुळे बाहेरचे थर सुटून अवाढव्य पसरलेत. सूर्याच्या जागी ठेवला तर पृष्ठभाग मंगळाच्या कक्षेपाशी येईल. अंतर सुमारे ३०० प्रकाशवर्षे.

आता स्पंदन. पातेल्यावरचं झाकण डोळ्यांसमोर आणा. आत वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ सुटते, झाकण खाली बसतं, पुन्हा कोंडते. ताऱ्यात झाकणाचं काम करतो अर्धवट आयनीभूत (इलेक्ट्रॉन सुटलेल्या) हायड्रोजनचा थर. तारा आकसला की हा थर दाबला जातो आणि आतून येणारी ऊर्जा अडवतो. अडवलेली ऊर्जा थराला बाहेर ढकलते. फुगल्यावर थर निवतो, पारदर्शक होतो, ऊर्जा निसटते, आणि गुरुत्वाकर्षण सगळं परत खाली ओढतं. एक फेरी ३३२ दिवसांची.

---

निशाचर | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

अनुताई, झाकण झकास आहे, पण त्यावरून लोकांना वाटेल की तारा फुगला की तेज वाढतं. प्रत्यक्षात ताऱ्याची एकूण ऊर्जा चक्रभरात दोन-तीन पटच बदलते. मग डोळ्यांना शेकडो पटींचा फरक का दिसतो? खरी गंमत तिथे आहे.

मीराचा पृष्ठभाग शिखरावर ३,००० केल्व्हिनच्या आसपास असतो, म्हणजे सूर्याच्या जवळपास निम्मा. तळाला जाताना आणखी काही शे अंशांनी उतरतो. इतक्या थंड ताऱ्याचा बहुतेक प्रकाश मुळातच अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो, दृश्य पट्ट्यात फक्त शेपूट. तापमान जरा घसरलं की ते शेपूटही गोळा होतं. वर आणखी एक करामत: थंडीत वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू तयार होतात आणि उरलासुरला दृश्य प्रकाश गिळतात. तारा ऊर्जा देत राहतो, आपल्या डोळ्यांपर्यंत ती पोचत नाही. अवरक्त कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला मीरा कधीच "गायब" झालेला दिसणार नाही.

---

लष्करवाला | १३ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

क्या बात! हे अकरावीच्या पुस्तकात का नव्हतं?

---

शुभंकरोति | १४ डिसेंबर, सकाळी ६:५०

हा तारा अश्विनी-भरणीच्या खालीच येतो ना? मग तो उजळतो त्या महिन्यांत भरणीवाल्यांना काही फरक पडतो का? माझं भरणीच आहे.

---

रामबागकर_काकू | १४ डिसेंबर, सकाळी ७:३०

बाळा, भरणीच्या दक्षिणेला आहे हे खरं, पण २७ नक्षत्रांत तिमिंगल येत नाही, आणि कुठल्या पंचांगवाल्यानं मीराला विचारलेलंही मला ठाऊक नाही. फरक एवढाच पडेल की थंडीत रात्री गच्चीवर गेलास तर सर्दी होईल. कानटोपी घाल.

आणि मंडळी, इथून पुढे पत्रिका आणून धागा भरकटवू नये ही विनंती.

---

शेंगदाणा_चिक्की | १४ डिसेंबर, सकाळी ८:१०

काकू रॉक्स 😄

अवांतर: २०१९-२० मध्ये मृगाजवळचा काक्षी (बीटलज्यूस) मंदावला होता तेव्हा "फुटणार फुटणार" म्हणून सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटले होते. तोही तांबडाच ना? मग मीरा फुटेल का?

---

अनु_बडोदे | १४ डिसेंबर, सकाळी ११:४५

काक्षीचं घराणं वेगळं. तो महाराक्षसी तारा, वस्तुमान सूर्याच्या दहा पटींहून जास्त, शेवटी स्फोट त्याच्या नशिबात आहेच. पण तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ पर्यंत उतरला त्याचं मुख्य कारण त्यानंच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, हे नंतर कळलं.

मीरा फुटणार नाही, त्याचा जीव तेवढा नाही. तो अंगावरचे थर हळूहळू उधळत जाईल आणि शेवटी गाभा श्वेत बटू म्हणून उरेल. आपल्या सूर्याचंही सुमारे पाच अब्ज वर्षांनी असंच व्हायचंय. ही उधळण चालू असल्याचा फोटोही आहे. २००७ मध्ये गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीनं मीराच्या मागे धूमकेतूसारखं शेपूट पाहिलं, लांबी १३ प्रकाशवर्षे! तारा सेकंदाला १३० किलोमीटर वेगानं आंतरतारकीय वायूतून घुसतोय आणि फेकलेला पदार्थ मागे पडत जातोय. गेल्या ३०,००० वर्षांतला ऐवज त्यात आहे, किमान ३,००० पृथ्व्या घडतील एवढा. मीरा इतका प्रसिद्ध, चारशे वर्षं लोक बघतायत, आणि हे शेपूट कोणाला दिसलं नव्हतं, कारण दृश्य प्रकाशात ते नाहीच.

आणि त्याला जोडीदारही आहे. १९२३ मध्ये एटकेननं दुर्बिणीतून हुडकला. बहुधा श्वेत बटूच, मीराची उधळलेली माया गोळा करत बसलेला.

---

पोहे_जीरावन | १४ डिसेंबर, रात्री ९:५०

एका प्रश्नाला एवढं भरभरून! लेकीनं सगळं वहीत उतरवलं (बदकचोर सर्वांत आधी).

शेजाऱ्यांचा १०×५० बायनॉक्युलर मागून आणला. आज बघितला!! डेल्टाच्या जरा खाली पश्चिमेला, नारंगी ठिपका. आजूबाजूचे पांढरट आणि हाच एक विटकरी, त्यामुळे शंकाच राहिली नाही. आता प्रत कशी ठरवायची ते कोणी शिकवेल का?

---

निशाचर | १४ डिसेंबर, रात्री १०:३५

आधी इतरांसाठी पत्ता: रोहिणीचा "व्ही" ज्या टोकानं नैऋत्येकडे बोट दाखवतो तिकडे सरकत गेलं की तिमिंगलाचं डोकं लागतं, त्यातला ठळक तो मेन्कार. तिथून नैऋत्येलाच, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं जास्त. सध्या इंदूर-बडोद्याहून रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे चांगला ६४-६५ अंश वर असतो, ग्वाल्हेरहून तीनेक अंश कमी.

आता प्रत. मीराहून जरा ठळक एक आणि जरा अंधुक एक असे दोन तारे धरायचे. मेन्कार २.५, गॅमा ३.५, मीनेतला अल्फा ३.८, डेल्टा ४.१. समजा मीरा गॅमा आणि डेल्टाच्या बरोबर मध्ये वाटला, तर ३.८. डेल्टाकडे झुकला तर ३.९ किंवा ४.०. दशांशाच्या पुढे जायचं नाही, तेवढी डोळ्याची ऐपत नाही. आत्ता तो डेल्टाहूनही अंधुक आहे, तेव्हा बायनॉक्युलरमधून जवळपासच्या बारक्या ताऱ्यांशी ताडा. आव्सोच्या साइटवर नकाशा फुकट मिळतो, त्यात प्रती लिहिलेल्या असतात.

सगळ्यात मोठा सापळा लाल रंगाचा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं की तो हळूहळू जास्त ठळक भासायला लागतो. म्हणून नजर टाकायची आणि काढायची, मग दुसऱ्या ताऱ्यावर. बायनॉक्युलर असेल तर फोकस किंचित बिघडवा. ठिपक्यांच्या चकत्या होतात आणि रंगाची भूल कमी पडते.

आणि कालचा आकडा बघून आजचा लिहायचा नाही. मन लबाड असतं, चढणारा तारा चढलेलाच दाखवतं.

---

माळवी_मुलगा | १५ डिसेंबर, दुपारी १२:२०

भिया लोक, शहरात कशाला डोळे फोडता? जानापावला या. महूच्या पुढे, टेकडीवर, इंदूरचा उजेड एका अंगाला राहतो आणि दक्षिण मोकळी. अंधार पडल्यावर वर थांबायला मिळेल का ते आधी विचारून घ्या, एवढंच. लेकरांना दिवसा काही दाखवायचं असेल तर उज्जैन आहेच: जयसिंगांची वेधशाळा, आणि पुढे महिदपूरकडे डोंगल्याला कर्कवृत्तावर पुरातत्त्वज्ञ वाकणकरांच्या नावाची नवी.

---

रामबागकर_काकू | १५ डिसेंबर, दुपारी ३:१०

जानापाव उत्तम, पण नोंदींसाठी गच्चीच बरी. टेकडीवर महिन्यातून एकदा जाल. मीराला रोज नाही तरी आठवड्याला एक नजर हवी. आणि शिखराजवळ चौथ्या प्रतीच्या वर आला की सुदामा नगरातूनही बिनभाड्याचा दिसतो.

---

अनु_बडोदे | १६ जानेवारी, रात्री ९:०५

धागा वर काढतेय. उत्तरायणचे दोन दिवस आमची गच्ची पतंगवाल्यांच्या ताब्यात होती. रात्री तुक्कल (कागदी कंदील) उडवल्यावर तर प्रत्येक दिशेला एकेक मीरा. आज शांतता मिळाली. साध्या डोळ्यांनी दिसला! माझा अंदाज ३.७. बाकीच्यांचं काय?

---

पोहे_जीरावन | १६ जानेवारी, रात्री ९:४०

आम्हालाही साध्या डोळ्यांनी!!! मी ४.०, लेक ३.६. घरात वाद चालू आहे. कोण बरोबर?

---

निशाचर | १६ जानेवारी, रात्री ९:५५

दोघंही. माझा ३.८. दोन-तीन दशांशांचा फरक माणसामाणसात असतोच, लाल ताऱ्याला जास्तच, कारण प्रत्येकाचा डोळा लाल रंग वेगळा मोजतो. सरासरी काढून एक आकडा लिहू नका, दोघांच्या नोंदी दोघांच्या नावानं ठेवा. लेकीनं शेवटपर्यंत स्वतःच्याच डोळ्यानं मोजलं तर तिचा आलेख तुमच्याहून थोडा वर सरकलेला येईल, पण आकार तोच येईल, आणि आपल्याला आकार हवा आहे.

---

लष्करवाला | १६ जानेवारी, रात्री १०:२०

ग्वाल्हेर: धुकं. 😭 यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी कधी?

---

निशाचर | १६ जानेवारी, रात्री १०:३१

शिखर दरवर्षी साधारण ३३ दिवस आधी येतं. म्हणजे पुढचं डिसेंबरअखेर, त्यापुढचं नोव्हेंबरात. तुमच्यासाठी नोव्हेंबर सोयीचा, धुक्याच्या आधी. शिखर मार्च-एप्रिल-मेमध्ये पडतं ती वर्षं वाया, तेव्हा तारा सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. अकरा फेऱ्या मिळून जवळपास नेमकी दहा वर्षं होतात, तेव्हा दहा वर्षांनी पुन्हा हाच महिना.

---

तर्कट | १७ जानेवारी, रात्री ८:५०

विजयनगर, सहावा मजला, बाल्कनी. ३.९. कोणी काही बोलायचं नाही.

---

शेंगदाणा_चिक्की | १७ जानेवारी, रात्री ८:५३

😂😂😂

---

पोहे_जीरावन | १७ जानेवारी, रात्री ९:३०

लेकीचा प्रश्न: आणखी काही दिवसांनी चंद्र मोठा होऊन जवळच येईल, तेव्हा नोंद करायची का सुट्टी?

---

रामबागकर_काकू | १७ जानेवारी, रात्री ९:४४

करायची. आकड्यापुढे "चंद्रप्रकाश" लिहायचं. गॅमा आणि डेल्टाही तेवढेच फिके पडतात, तुलना टिकते. डेल्टा दिसेनासा झाला तर मात्र त्या रात्री सुट्टी.